तिकीट काढलं, तरी वर्गणी कशाला?

मेरीलँडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या हिवाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून सिंफनी ऐकली. नवरा-बायको नटूनथटून गेले, दोघांच्या तिकिटांचे मिळून दीडशे डॉलर मोजले, बीथोव्हेन आवडलाही. पंधरा दिवसांनी टपालाने पत्र आलं: आमच्या ऑर्केस्ट्राला देणगी द्या. त्याने मला फोन केला. "अरे, पैसे मोजून ऐकलंय, कुंपणावर बसून नाही. मग ही वर्गणी कसली? गणपती बसवतायत का?"

प्रश्न रास्त होता. नाटकाचं तिकीट काढलं की निर्मात्याचा आणि आपला हिशेब मिटला. सिनेमाचंही तसंच. मग शंभरेक वादकांचा हा ताफाच तिकिटानंतरही झोळी घेऊन दारात का येतो, आणि झोळीत टाकलेला पैसा जातो कुठे? फोनवर मी जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे जरा नीट लावून सांगतो.

उदाहरण त्याच्या घराजवळचंच घेऊ, वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राचं. नावात 'नॅशनल' आहे म्हटल्यावर आपल्याला वाटतं सरकारी असणार, आकाशवाणीच्या वाद्यवृंदासारखा, महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार. तसं नाही. १९३१ साली, महामंदीच्या ऐन तडाख्यात, हान्स किंडलर या डच चेलोवादकाने तो उभा केला. तेव्हा वादकाला आठवड्याला ४० डॉलर मिळत, तेही वर्षातले पाचच महिने. १९८६ पासून हा ऑर्केस्ट्रा केनेडी सेंटर या मोठ्या कलासंकुलाच्या छत्राखाली आहे. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, संसद भवनासमोरच्या हिरवळीवरून देशभर दाखवली जाणारी मैफल हाच वाजवतो.

एवढं राष्ट्रीय असूनही पैशाची वाटणी मजेशीर आहे. अमेरिकी संसद केनेडी सेंटरला दरवर्षी पैसे देते, पण ते मुख्यतः इमारतीसाठी, कारण ती इमारत म्हणजे हत्या झालेल्या राष्ट्राध्यक्षाचं स्मारक आहे. छप्पर गळलं, लिफ्ट बंद पडली, रखवालदार ठेवायचे, तर सरकारी तिजोरी. आत जे वाजतं, ते तिकिटांवर आणि देणग्यांवर. देऊळ सरकारचं, नैवेद्य भक्तांचा.

आता मूळ दुखणं. १९६६ साली विल्यम बाऊमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नाटक, संगीत, नृत्य सादर करणाऱ्या संस्थांचे जमाखर्च तपासले आणि एक साधी, पण पिच्छा न सोडणारी गोष्ट दाखवून दिली. ती आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. इचलकरंजीत हातमागाच्या जागी यंत्रमाग आला तेव्हा एक माणूस पूर्वीच्या कितीतरी पट कापड काढू लागला. त्यामुळे कापड स्वस्त ठेवूनही कामगाराचा पगार वाढवायला मालकाला वाव मिळाला (वाढवला की नाही, हा वेगळा विषय). बँकेत संगणक आला, तिथेही तेच. पण बीथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तेव्हा तिला जेवढा वेळ लागला साधारण तेवढाच आजही लागतो. माणसं कमी झालेली नाहीतच, उलट मोठ्या सभागृहांमुळे वाढली आहेत. अर्ध्या तासाचं संगीत वीस मिनिटांत उरकलं, तर त्याला कोणी कार्यक्षमता म्हणणार नाही, फजिती म्हणतील.

वादकाला मात्र घरभाडं, डॉक्टर, मुलांची शिक्षणं, सगळं आजच्या भावानेच पडतं. बाकी धंद्यांत पगार वाढले की याचाही वाढवावा लागतो, नाहीतर चांगला व्हायोलिनवादक दुसऱ्या शहरात जातो किंवा व्हायोलिन ठेवून दुसरंच काहीतरी करतो. म्हणजे खर्च दरवर्षी चढतो आणि काम होतं तेवढंच राहतं. अर्थशास्त्रात याला बाऊमोलचा 'कॉस्ट डिसीज' म्हणतात. आपण खर्चरोग म्हणू. गंमत अशी की हा रोग व्यवस्थापन वाईट असल्यामुळे होत नाही. उत्तम चालवलेल्या ऑर्केस्ट्रालाही तो होतोच. गावातल्या शाळेला, दवाखान्यातल्या नर्सच्या कामालाही तो आहे. पण शाळेला कोणी "तिकिटावर चाल" म्हणत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात याच ऑर्केस्ट्राच्या वादकांनी पगाराच्या वादावरून संप केला. १९७८ नंतरचा हा पहिलाच संप, आणि तो काही तासांतच मिटला. मोसमाच्या उद्घाटनाची मैफल तोंडावर होती. पण त्या काही तासांत कळलं की खर्चरोग म्हणजे पुस्तकातला शब्द नाही. पगारपत्रकावर तो दर तीन-चार वर्षांनी वाटाघाटीला बसतो.

"मग तिकीट महाग करा," भाऊ म्हणाला. करतात की. पण केनेडी सेंटरच्या मैफलीच्या सभागृहात खुर्च्या जेमतेम अडीच हजार. एक कार्यक्रम बसवायचा, आठवडाभर तालमी करायच्या आणि तो दोन-तीनदा वाजवायचा. मग पुढच्या आठवड्यात नवा कार्यक्रम, पुन्हा तालमी. आपलं लोकप्रिय नाटक पाचशे प्रयोग करून पहिल्या तालमींचा खर्च फेडतं, इथे ती सोय नाही. तिकीट पूर्ण खर्चाएवढं केलं तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतील आणि उरलेल्या अर्ध्यांत फक्त श्रीमंत बसतील. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांचा एकत्र हिशेब पाहिला, तर तिकिटं आणि इतर कमाईतून निम्म्याहूनही कमी खर्च निघतो.

इथे आपल्या संगीताशी तुलना केली की फरक चटकन कळतो. ख्याल गायला गवई, तबला, पेटी, मागे तंबोऱ्यावर शिष्य. चार-पाच माणसं. बैठक एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यातही होते, आणि आश्रयदाता एक असला तरी भागतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला आणि त्या एका आश्रयावर जयपूर घराण्याचं महाराष्ट्रात रोप रुजलं. शंभर वादकांचा ताफा मात्र दिवाणखान्यात मावतही नाही आणि एका माणसाच्या बटव्यातही.

तसं पाहिलं तर एका माणसाने पेललेलाही ऑर्केस्ट्रा आहे. बॉस्टनमध्ये हेन्री ली हिगिन्सन नावाच्या बँकरने १८८१ साली ऑर्केस्ट्रा स्थापला आणि १९१८ पर्यंत दरवर्षीची तूट स्वतः भरत राहिला. पण असा हिगिन्सन गेला की पुढच्या वर्षी काय? म्हणून मग जगात दोन वाटा पडल्या. जर्मनीत शहरं आणि राज्यं करांच्या पैशातून ऑर्केस्ट्रा पोसतात. तिथे असे सव्वाशेच्या आसपास ऑर्केस्ट्रा आहेत आणि कोणाच्याही घरी पत्र न जाता त्यांचा बराचसा खर्च निघतो. अमेरिकेने दुसरी वाट धरली: सरकार थेट फार देत नाही, पण जो देतो त्याला करात सूट देते. ही सूट १९१७ पासून आहे.

सूट म्हणजे नेमकं काय, हे पुष्कळांना कळत नाही, म्हणून आकड्यांत सांगतो. समजा एखाद्याच्या उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या भागावर २४ टक्के कर लागतो, तो आपल्या वजावटींची तपशीलवार यादी विवरणपत्रात देतो आणि त्याच्या आधीच्या देणग्या वर्षाच्या उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापुढे गेल्या आहेत (२०२६ पासून तेवढ्या पहिल्या भागाला सूट नाही). त्याने आणखी १०० डॉलर दिले, तर त्याचा कर साधारण २४ डॉलरने कमी होतो. खिशातून गेले ७६, ऑर्केस्ट्राला मिळाले १००. मधले २४ सरकारने दिले, फक्त कोणाला द्यायचे ते देणगीदाराने ठरवलं. जर्मन पद्धतीत ते नगरपालिका ठरवते, अमेरिकी पद्धतीत पैसेवाला ठरवतो. या एका वाक्यात दोन्ही पद्धतींचे गुण आणि दोष आहेत, आणि माझं मत विचाराल तर अमेरिकी पद्धतीचे दोष जास्त, पण तिथे राहायचं तर तिथल्या रीतीने.

आता झोळीतल्या पैशाचे प्रकार. हा भाग खरा महत्त्वाचा, कारण दिलेला प्रत्येक डॉलर सारखा नसतो.

पहिला, वार्षिक देणगी. घरी येणारी पत्रं बहुतेक याचीच. पैसा आला, त्याच वर्षी खर्च झाला: पगार, तालमी, प्रवास, नोटेशनच्या प्रतींचं भाडं, सभागृहातली शाळकरी मुलांसाठीची मैफल. दिसायला बिनकामाचा, नावगाव नसलेला पैसा, पण संस्था जगते यावरच.

दुसरा, एन्डाउमेंट, म्हणजे कायमनिधी. ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. देवळात अखंड नंदादीप तेवावा म्हणून जमीन इनाम द्यायची. जमीन विकायची नाही, तिच्या उत्पन्नातून तेल आणायचं. कायमनिधी तेच करतो: मुद्दलाला हात लावायचा नाही, ते शेअर-रोख्यांत गुंतवायचं आणि दरवर्षी साधारण चार-पाच टक्के काढून वापरायचे. समजा कोणी वीस लाख डॉलर दिले. पाच टक्क्यांनी वर्षाला एक लाख निघाले, तर एका वादकाच्या पगाराचा मोठा वाटा कायमचा सुटला. म्हणून अमेरिकी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमपत्रिकेत वादकाच्या नावाखाली कोणा दांपत्याच्या नावाची 'चेअर' लिहिलेली दिसते. ती लाकडी खुर्ची नव्हे. त्या जागेचा नंदादीप आहे तो.

तिसरा प्रकार बांधलेल्या पैशाचा. देणारा सांगतो, हा पैसा फक्त नव्या रचनांसाठी, किंवा फक्त चेलोवादकांसाठी, किंवा फक्त परदेश दौऱ्यासाठी. अशा पैशातून सुंदर गोष्टी घडतातही. मोठा ऑर्केस्ट्रा नवी रचना लिहून घेतो ती अशाच कोणाच्या तरी खिशाच्या भरवशावर. नॅशनल सिंफनीने आपल्या झाकीर हुसेन यांच्याकडून चार एकल कलाकार आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी रचना करून घेतली, ती २०११ च्या मार्चमध्ये केनेडी सेंटरमध्ये वाजली. तबल्याचे बोल आणि व्हायोलिनचा ताफा एकत्र बसवायचे म्हणजे जादा तालमी आल्या, आणि तालीम म्हणजे शंभर माणसांचा तासाचा दर.

पण बांधलेल्या पैशाला दुसरी बाजू आहे. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा हा जगातल्या नामांकितांपैकी एक. २०११ च्या एप्रिलमध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक चक्रावले, कारण त्याच्या कायमनिधीत दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम होती. एवढे पैसे असताना दिवाळं कसं? उत्तर असं की त्यातला बराच पैसा देणगीदारांच्या अटींनी बांधलेला होता आणि मुद्दल मोडून पगार द्यायची मुभा नव्हती. घरात सोनं आहे, पण ते देवाचं आहे, आणि वाण्याचं बिल थकलंय, अशी गत. २०१२ च्या उन्हाळ्यात ऑर्केस्ट्रा त्यातून बाहेर आला. पण हे प्रकरण कळल्यापासून मी कोणालाही हेच सांगतो: रक्कम छोटी असेल तर तिला शेपूट लावू नका.

शेपटांत सर्वांत लांब शेपूट नावाचं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, शाळेच्या बाकावर, इतकंच काय, पंख्याच्या पात्यांवरही 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. पंखा फिरला की दाता दिसेनासा होतो, हा त्यातला बरा भाग. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या सभागृहाला १९७३ मध्ये एव्हरी फिशर यांचं नाव मिळालं, कारण त्यांनी १ कोटी ५ लाख डॉलर दिले. मुंबईकर झुबीन मेहतांनी १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षं ज्या सभागृहात ऑर्केस्ट्रा चालवला, ते हेच. पुढे इमारत नव्याने करायची वेळ आली. नव्या मोठ्या देणगीदाराला नाव विकायचं, तर जुनं काढावं लागणार. फिशर कुटुंबीयांनी नाव सोडायला तयार व्हावं म्हणून त्यांना दीड कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे नाव काढायला नाव लावण्यापेक्षा जास्त पैसे पडले! मग २०१५ मध्ये डेव्हिड गेफेन यांनी दहा कोटी डॉलर दिले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सभागृह त्यांच्या नावाने उघडलं. एकूण खर्च ५५ कोटी. आत खुर्च्या कमी झाल्या, आवाज सुधारला. तो आवाज ऐकायला वादक मात्र रोज पगारी लागतात, आणि त्यांच्या पगारावर पाटी लावायला कोणी दहा कोटी घेऊन येत नाही.

मोठ्या देणगीने सत्ता विकत मिळते का? बहुतेक वेळा थोडी मिळते, विश्वस्त मंडळावर खुर्चीच्या रूपाने. पण तिचाही भरवसा नसतो. डेव्हिड रुबेनस्टाइन यांनी केनेडी सेंटरच्या नव्या विस्तारासाठी एकट्याने ५ कोटी डॉलर दिले होते आणि ते कितीतरी वर्षं केंद्राचे अध्यक्ष होते. २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मंडळ बदललं, रुबेनस्टाइन गेले आणि ट्रम्प स्वतः अध्यक्ष झाले. काही कलाकारांनी कार्यक्रम मागे घेतले. देऊळ सरकारचं, असं मी वर सहज म्हणून गेलो, त्याचा अर्थ नैवेद्य आणणाऱ्यांना तेव्हा कळला.

इथवर ऐकून भाऊ म्हणाला, "एवढं आहे तर मुंबईलाच का देऊ नये?" मला हा प्रश्न आवडला.

मुंबईत सिंफनीची हौस जुनी आहे. झुबीन यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला. १९५८ मध्ये माजोर्ड्याचे, म्हणजे गोव्याचे, अँथनी गोन्साल्विस यांनी सिनेमाच्या स्टुडिओंतले वादक गोळा करून इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांची मैफल झाली, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. वादक मुंबईतच होते, कसलेले होते, नोटेशन वाचणारे होते. पण त्यांची रोजीरोटी गाण्यागणिक स्टुडिओतून यायची, ऑर्केस्ट्रातून नाही. हे प्रयोग टिकले नाहीत. गुणांची कमी नव्हती. कमी होती ती नंदादीपाच्या जमिनीची.

आजचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ चा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांनी तो सुरू केला. एनसीपीए मुळात टाटांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेली, तेव्हा पाठीशी दात्यांची परंपरा होती. तरी वर्षभर शंभर वादक पगारावर ठेवणं परवडत नाही. मुंबईत राहणारा एक छोटा गट असतो आणि वर्षातून दोनदा, काही आठवड्यांच्या मोसमासाठी, बाकीचे वादक बाहेरून येतात, त्यांत कझाकस्तानचे पुष्कळ. "इंडिया म्हणता आणि वाजवणारे परदेशी?" अशी कुजबुज मध्यंतरात हमखास ऐकू येते. त्यावर उपाय म्हणजे इथली मुलं लहानपणापासून तयार करणं. एनसीपीए ते करतेही. पण व्हायोलिनवादक घडायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तेवढा काळ शिक्षकाचा पगार कोणीतरी भरायचा असतो.

भारतातून देणाऱ्यांसाठी: ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, नवी पद्धत निवडली असेल तर नाही. आणि दोन हजारांवर रोख दिलेत तर जुन्या पद्धतीतही नाही. कंपन्यांचं वेगळं. ठरावीक आकाराच्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि २०१३ च्या कायद्याच्या यादीत कला-संस्कृतीही आहे. पण मंडळींचा कल शाळा आणि आरोग्याकडे असतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. कुपोषित मूल आणि ओबो हे फुंकवाद्य वाजवणारा ओबोवादक एका तराजूत ठेवायची वेळ आली, तर मीही मुलाकडेच पाहीन. फक्त तशी वेळ रोज येत नाही. हॉटेलच्या बिलापुढे ओबोवादक ठेवता येतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं. भारतातल्या संस्थेला थेट पैसे पाठवले तर अमेरिकेच्या करात सूट नाही. दुसरं, अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना, तर तुमचा पैसा भारतीय कायद्याने परदेशी ठरतो आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेतून रीतसर पाठवला तर ती अडचण नाही. माझा भाऊ आता अमेरिकी नागरिक आहे. त्यामुळे मुंबईचा विषय तूर्त तिथेच थांबला.

मग तो व्यवहारावर आला. त्याला वाटत होतं की छोट्या देणगीला करात काही मिळत नाही. बरीच वर्षं ते खरं होतं, कारण बहुतेक लोक वजावटींची यादी न देता सरसकट वजावट घेतात. २०२६ पासून तशांनाही रोख देणगीवर थोडी सूट आहे: एकट्याला वर्षाला १,००० डॉलरपर्यंत, जोडप्याला २,००० पर्यंत. वाढलेल्या भावाचे शेअर असतील तर ते विकून पैसे देण्याऐवजी शेअरच द्यावेत, नफ्यावरचा कर वाचतो. आणि गाला डिनरचं, म्हणजे देणग्यांसाठी ठेवलेल्या मेजवानीचं, तिकीट म्हणजे सगळीच देणगी नव्हे. जेवणाची किंमत त्यातून वजा करावी लागते, पोटात गेलेल्याला सूट नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट त्याच्या बायकोने शोधली. तिची कंपनी कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीएवढीच भर स्वतः घालते, फक्त एक फॉर्म भरावा लागतो.

तिने साठ डॉलर दिले. कंपनीने साठ घातले. फॉर्मवर 'कोणत्या कामासाठी' असा एक रकाना होता, आणि तो तिने कोरा ठेवला.